अर्ध्या एकरातली करडई: फुलांचा रंग, बियांचं तेल

मी नागपुरात कापड रंगवते. पळस, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, हिरडा ही नेहमीची मंडळी. कुसुंबी लाल, म्हणजे करडईच्या फुलांचा लाल, मात्र इतवारी बाजारातून आणलेल्या पाकळ्यांतून कधी मनासारखा निघाला नाही. केशराच्या नावाखाली किंवा केशरात मिसळायला विकल्या जाणाऱ्या या पाकळ्या उन्हात वाळवलेल्या असतात. किती जुन्या आहेत हे विकणाराही सांगू शकत नाही. म्हणून हिंगण्याच्या पुढे मामांच्या शेतात सोयाबीन निघाल्यावर अर्धा एकर मागून घेतला. फुलांचा रंग घ्यायचा, त्याच झाडाच्या बियांचं तेल काढायचं, एवढाच बेत. ज्यांना फक्त रंगकामात रस आहे त्यांनी फेब्रुवारीपासून वाचलं तरी चालेल.

२४ ऑक्टोबर २०२४

पेरणी आज झाली, म्हणजे उशिरा. करडई सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवी. सोयाबीनला थ्रेशर वेळेवर मिळाला नाही आणि तोवर वरची ओल उडाली. काळी भारी जमीन आहे, त्यामुळे बोटभर खाली ओल होती. बी पाच सेंटिमीटर खोल पाडलं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत २० धरलं. अर्ध्या एकराला सव्वादोन किलो बी लागलं, त्याला आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोग रोखणारी उपयोगी बुरशी, चोळली.

वाण नारी-६, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा, बिनकाट्याचा. पाकळ्या हातानं काढायच्या तर काटे नकोत, हा हिशेब. कडेनं दोन-दोन ओळी भीमा या काटेरी वाणाच्या घातल्या. आपल्याकडे गहू-हरभऱ्याच्या बांधाला करडई लावायची पद्धत आहे ती गुरं आत शिरू नयेत म्हणूनच. तीन बाजू झाल्या, नाल्याकडच्या चौथ्या बाजूला भीमाचं बी पुरलं नाही.

मामा म्हणाले, "बाई, काटा काढला तं मंग राखण कोण करन?"

४ नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत शेताकडे जाणं झालं नव्हतं. उगवण ठिगळासारखी दिसते. जिथे ढेकळं फुटली नव्हती तिथे ओळच्या ओळ रिकामी. बी रात्रभर भिजवून नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा टोकलं. हे पेरणीनंतर आठवड्याच्या आत करायला हवं होतं, कारण आता भरलेली झाडं शेवटपर्यंत मागे राहणार आणि काढणीला अर्ध्या शेताचं वय एक, अर्ध्याचं दुसरं.

१४ नोव्हेंबर

विरळणी. उपटलेली रोपं मी बांधावर टाकत होते तर मामी ओरडल्या, "फेकतं काहून? भाजी होय नं ते!" मुगाची डाळ आणि लसूण घालून करडईची भाजी केली. उरलेल्या जुड्या शेजारपाजारी गेल्या. कोवळी असेपर्यंतच खायची. पुढे पानांच्या कडा टोचायला लागतात, बिनकाट्याच्या वाणाच्या जरा कमी एवढंच.

१८ डिसेंबर

रोही आले, म्हणजे नीलगायी. अर्थात नाल्याकडूनच. आतल्या पाच-सहा ओळींचे शेंडे साफ. भीमाच्या कडेला एक पानही खाल्लेलं नाही, तिथून वळून ते नाल्याच्या बाजूनं शिरलेले खुरांवरून दिसतं. "रोह्यायले आवतनच देलं तू," मामा म्हणाले आणि जुन्या लुगड्यांची दोरी बांधायला घेतली. लुगड्यांनी काही आठवडे काम भागलं, मग रोह्यांना सवय झाली.

कोणी बिनकाट्याची लावणार असेल तर काटेरीच्या ओळी चारही बाजूंनी हव्या, आणि दोन नव्हे, चार. शेंडे खाल्लेली झाडं नंतर बगलेतून फुटली, पण बोंडं बारकी राहिली.

३० डिसेंबर

आभाळ भरून आलेलं, आणि मावा. शेंड्यांवर काळपट किडीचा थर, पानं चिकट, खाली मुंग्यांची रांग. करडईचा हा मुख्य शत्रू, आणि उशिरा पेरलेल्या करडईवर तो जास्त येतो, म्हणजे ऑक्टोबरातला उशीर आता वसूल होतोय. सुरुवात नेहमी कडेच्या ओळींवर होते. तेव्हाच तेवढे शेंडे खुडून जाळले असते तर आतपर्यंत पोचला नसता.

कृषी केंद्रात रासायनिक औषध पुढे केलं. मी घेतलं नाही, कारण पुढे याच फुलांत उघड्या हातांनी काम करायचंय. पाच टक्के निंबोळी अर्क केला. पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी फडक्यातून पिळली, थोडा साबणचुरा घातला आणि एकूण शंभर लिटर केलं. गाळताना कंटाळा केला तर पंपाचं नोझल तुंबतं. माझं तुंबलं, अर्धी सकाळ टाचणी घेऊन बसले. आठवड्यानं पुन्हा फवारणी केली. तोवर मावा खाणारे ढालकिडेही आले होते. मावा गेला नाही, आटोक्यात आला.

२८ जानेवारी २०२५

पहिली बोंडं उमलली. पिवळी धमक. आज काही खुडली नाहीत. इथे घाई करायची नसते. फूल उमलताना पिवळं असतं, मग नारिंगी होतं आणि कोमेजताना लाल. लाल रंगाचं द्रव्य, कार्थामिन, पिवळ्याच द्रव्यापासून फूल वयात येताना तयार होतं. शिवाय कोमेजलेल्या फुलाचं परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे पाकळ्या ओढल्या तरी बी भरतं. रंग आणि तेल एकाच झाडावरून मिळतं ते एवढ्याचमुळे.

६ फेब्रुवारी

खुडणी. गावातल्या तीन बायका आणि मी. सकाळी सहाला सुरुवात केली, दव असतं तेव्हा काटे मऊ असतात. साडेनऊनंतर भीमाच्या ओळीत हात घालवत नाही. बिनकाट्याच्या ओळीत दुपारपर्यंत काम होतं, पण उन्हात पाकळ्या कुरकुरीत होऊन मोडतात, म्हणून तिथेही सकाळच बरी. लाल-नारिंगी झालेला झुपका चिमटीत धरून वर ओढायचा. पिवळा असेल तर तसाच सोडायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा यायचं. एकेका बाईची सकाळभरात पाऊण किलोच्या आसपास ओली पाकळी होते, वाळून चौथाई उरते. मजुरी सकाळची २५०.

९ फेब्रुवारी

पहिली खेप गच्चीवर उन्हात पसरली होती. संध्याकाळी विटकरी. सावलीत पंख्याखाली वाळवलेली मूठभर मात्र गडद आहे. पुढचं सगळं आतल्या खोलीत, जुन्या सुती धोतरावर, पातळ थरात. वाळल्यावर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात.

एक वेगळा प्रयोगही लावला. जपानात यामागाता भागात ताज्या पाकळ्या धुऊन, ओलसर ठेवून दोन-तीन दिवस मुरवतात, मग कुटून चपट्या वड्या करून वाळवतात. मुरताना लाल वाढतो. किलोभर पाकळ्या धुऊन ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या.

१२ फेब्रुवारी

गोणपाटाखालच्या पाकळ्यांना बुरशी. थर चार बोटं जाड होता, मधली वाफ निघालीच नाही. फेकल्या. दुसऱ्या खेपेला बोटभर थर, दिवसातून दोनदा उलटायचं आणि वर पाण्याचा फक्त शिपका. या खेपेच्या वड्या झाल्या, तळहाताएवढ्या, काळपट लाल. वास आंबूस येतो, तो चालतो. बुरशीचा वास वेगळा असतो, नाकाला लगेच कळतो.

२३ फेब्रुवारी

पहिला लाल रंग. पद्धत अशी:

सुती मलमल आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढली. २५० ग्रॅम वाळल्या पाकळ्या मलमलच्या पोटलीत बांधून रात्रभर गार पाण्यात ठेवल्या. सकाळपासून तुडवायच्या, पिळायच्या, पाणी बदलायचं. पिवळं पाण्यात विरघळतं, ते सगळं काढून टाकायचं. लाल साध्या पाण्यात विरघळत नाही, मागे राहतं. पाणी जवळपास नितळ झालं की पोटली सोड्याच्या पाण्यात मळायची. पीएच कागदावर १० ते ११ (सातच्या वर खारं, खाली आंबट). लाल आता सुटतं, पण दिसतं मात्र मळकट तपकिरी. ते पिळून घेऊन त्यात थोडं थोडं सायट्रिक ॲसिड टाकायचं. फेस येतो आणि तपकिरीतून एकदम लाल उघडतो.

फेस इतका आला की पातेल्यातून रंगाचा तिसरा हिस्सा मोरीत गेला. भांडं रंगाच्या तिप्पट हवं.

उरलेल्यातून मलमल निघाली ती फिकट गुलाबी, कडेला धुवट.

२ मार्च

धुवट का, याचा शोध. संशय पाण्यावर होता. पिवळं धुवायला आमच्या घरचं बोअरचं पाणी वापरलं होतं. ते जड आहे, कागद आठच्या पुढे दाखवतो. म्हणजे पिवळ्याबरोबर थोडा थोडा लालही प्रत्येक धुण्यात वाहून जात होता. नंतरच्या धुण्यांचं पाणी नारिंगी दिसत होतं, मी ते पिवळंच समजले.

आज नळाचं पाणी घेतलं आणि बादलीला दोन चमचे व्हिनेगर टाकलं. पिवळं तेवढंच निघालं, नारिंगी झाक आली नाही. सोड्यात मळणं तासाभरात आटोपलं, जास्त वेळ सोड्यात राहिला की हा रंग मरतो.

दुसरी सुधारणा आम्लाची. सगळं ॲसिड आधीच घातलं तर लाल कापडावर बसायच्या आत साका होऊन तळाशी जातो. म्हणून रंग उघडायला लागला की लगेच कापड आत, मग कापड हलवत हलवत उरलेलं ॲसिड, शेवटी कागद सहावर. तासभर ठेवलं. शेवटचं खळबळणंही व्हिनेगरच्या पाण्यात.

कापडाच्या वजनाइतक्या पाकळ्यांत छान गुलाबी आला. लालभडक हवा असेल तर कापडाच्या कित्येक पट पाकळ्या लागतात, एकावर एक हात द्यावे लागतात. वाळल्या पाकळीत लाल एक टक्काही नसतो. पिवळं भरपूर.

९ मार्च

काढणी आणि मळणी. पानं वाळली, बोंडांची खालची पानं तपकिरी झाली, बोंड दाबलं की पांढरं बी सुटतं. पहाटे कापणी, ताडपत्रीवर काठीनं बडवलं, सुपानं उफणलं. भीमाच्या कडेसाठी मामांनी हाताला गोणपाट गुंडाळलं आणि झाडं बेचक्यानं धरली. एकूण एक क्विंटल दहा किलो. रोही, मावा आणि नांग्या नसत्या तर दोन क्विंटलच्या जवळ गेलं असतं असं मामांचं म्हणणं, आणि पुढच्या वर्षी चणाच पेरायचा असंही.

पुढच्या बियाण्यासाठी पाच किलो मधल्या ओळींतलंच ठेवलं. मधमाश्या भीमाचा पराग घेऊन फिरल्या असणार, कडेजवळचं बी पेरलं तर काटे परत यायचे.

१६ मार्च

धुळवडीनंतरचा रविवार, सगळ्या रस्त्यांवर गुलाबी. पिवळ्याचं काम केलं. पहिल्या दोन धुण्यांचं पिवळं पाणी डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. सुती कापडावर ते जवळजवळ बसतच नाही. तुरटी लावलेल्या टसर रेशमावर मात्र बसलं. टसर भंडाऱ्याकडचं, त्याचा मूळ रंगच मधासारखा, त्यावर हे पिवळं उबदार दिसतं. मंद आचेवर तासभर. हा रंग गरम केलेला चालतो, लाल अजिबात चालत नाही.

लाल-पिवळ्यात मला विचाराल तर रोजच्या कामासाठी पिवळाच परवडतो, लाल हौसेचा. पण नुसत्या पिवळ्यासाठी एवढी खुडणी करायचीही गरज नाही. वसंतात रस्त्याकडेला पळस फुकट सांडलेला असतो.

३० मार्च

एक अख्खी खेप गेली. सगळं २ मार्चसारखंच केलं होतं आणि कापड निघालं मळकट फिकट. बराच वेळ सोड्याच्या पुडीला दोष दिला, मग पाण्यात हात घातला. दुपारचे दोन, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, चांगलं कोमट नव्हे गरमच. नागपूरच्या मार्चअखेरीस काळ्या टाकीतलं पाणी चाळिशीच्या पुढे जातं आणि कार्थामिनला तेवढं पुरे होतं. १५० ग्रॅम पाकळ्या वाया.

आता पाणी रात्री माठात भरून ठेवते, काम सकाळी सातच्या आत सुरू, आणि सोड्याच्या पाण्यात बर्फाचे खडे. थंडीत रंगवायचं म्हटलं तर फुलं फेब्रुवारीत येतात, हा पेच आहेच. वाळवून पुढच्या डिसेंबरसाठी ठेवणं हा एक उपाय, निम्म्या पाकळ्या तशा ठेवल्या आहेत.

५ एप्रिल

तेल. साठ किलो बी लाकडी घाण्यावर नेलं. घाणेवाल्यांनी बी दाताखाली फोडून पाहिलं आणि आणखी एक दिवस वाळवून आणायला सांगितलं, त्यात गाडीचं एक भाडं गेलं. दुसऱ्या दिवशी साडेतेरा लिटर निघालं. म्हणजे लिटरला साडेचार किलो बी. बियात तेल साधारण २८ ते ३० टक्के धरतात, पण टरफल जाड असतं आणि लाकडी घाणा सगळं सोडत नाही, बरंचसं ढेपेत राहतं. घाणेवाल्यांना तक्रार करण्यात अर्थ नाही. लोखंडी एक्स्पेलरवर जास्त निघालं असतं, तेलही जास्त तापलं असतं.

तेल स्टीलच्या डब्यात निवळत ठेवलं. चार-पाच दिवसांनी वरचं नितळ ओतून घेतलं, खालचा गाळ पुन्हा फडक्यातून. ढेप मामांच्या गाईला, थोडी थोडी आणि सरकी ढेपेत मिसळून. नुसती घातली तर हुंगून सोडते.

१३ एप्रिल

डब्याच्या तोंडाशी ओघळलेलं तेल चिकट होऊन बसलंय, नखानं खरवडावं लागलं. या तेलात लिनोलिक आम्ल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं, हवेत ते सुकून पापुद्रा धरतं. म्हणूनच हे तेल रंग-वॉर्निशातही वापरतात. स्वयंपाकघराच्या दृष्टीनं अर्थ असा की लवकर खवटतं. लिटर-लिटरच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या कपाटात ठेवलं. फोडणीला चांगलं, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरायला नको. सहा लिटर घरी आणि मामांकडे, बाकीचं ओळखीत ३२० रुपयांनी गेलं.

उरलेलं पंचेचाळीस किलो बी व्यापाऱ्याला क्विंटलला ५,२०० नं दिलं. २०२५-२६ च्या विपणन हंगामासाठी हमीभाव ५,९४० होता, पण अर्धी गोणी घेऊन कोणत्या खरेदी केंद्रावर जाणार.

१९ एप्रिल

रेशमावरचा गुलाबी. रेशीम थेट या रंगात घातलं तर राहिलेलं पिवळंही पकडतं आणि नारिंगी होतं. युक्ती अशी की आधी सुती चिंध्या रंगवायच्या. सुतीवर पिवळं बसत नाही, फक्त लाल बसतो. त्या चिंध्या सोड्याच्या पाण्यात टाकल्या की लाल पुन्हा सुटतो, आता पिवळ्याशिवाय. मग ॲसिड, मग रेशीम. रंग चोख आला, या सगळ्या महिन्यांतला सर्वांत चांगला. दोनदा काढल्यामुळे रंग बराच वाया जातो, म्हणून रुमालाएवढ्या तुकड्यावरच थांबले.

२७ एप्रिल

खर्च, रुपयांत. मशागत-पेरणी १,८००. बी ६००. निंबोळी वगैरे ३५०. खुडणी ५,२५०. काढणी-मळणी २,४००. घाणा १,२००. गाडीभाडं ९००. सोडा, ॲसिड, पीएच कागद, कापड २,९००. एकूण १५,४००. माझी आणि मामा-मामींची मेहनत यात नाही.

वाळलेल्या पाकळ्या सव्वाचार किलोच्या आत, म्हणजे नुसती खुडणीच किलोला १,२५० च्या वर. इतवारीत मी ७०० नं घेत होते. पैशाच्या हिशेबात बाजारच्या पाकळ्या जिंकतात. रंगाच्या हिशेबात, त्याच वजनाच्या दोन्ही पाकळ्या शेजारी शेजारी रंगवून पाहिल्या तर बाजारच्यांतून आला तो गुलाबी आहे असं सांगावं लागतं. मुरवलेल्या वड्यांचा हात सर्वांत गडद बसला. पुढच्या खेपेला नुसत्या वाळवण्यापेक्षा निम्म्याहून जास्त वड्याच करणार, आणि शेत अर्ध्या एकराऐवजी पाच गुंठे. तेलासाठी करायची तर मोठं रान आणि काटेरी वाण घ्यावा, रंगासाठी लहान तुकडा आणि बिनकाट्याचा. दोन्हीसाठी मधलं क्षेत्र धरलं की मजूर खुडणीला कमी पडतात आणि घाण्याला बी कमी पडतं.

४ मे

उन्हाची चाचणी. गुलाबी मलमलचा तुकडा अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दक्षिणेच्या गॅलरीत टांगला होता. झाकलेला भाग तसाच, उघडा भाग बिस्किटी. आणि दुसरी चाचणी न ठरवता झाली. वहिनींनी ओढणी कपड्यांच्या पावडरीत भिजवली, गुलाबी पाण्यात गेला, ओढणी पांढरी. सोड्यानं रंग काढतो तेच तिथे झालं. बादलीत व्हिनेगर ओतून थोडा परत चढवला, पहिल्यासारखा नाही.

तेव्हापासून विकायला दिलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी जोडते: साबण-पावडर नको, गार पाण्यात रिठा, शेवटच्या पाण्यात लिंबाचे थेंब, सावलीत वाळवणे, घडी करून कपाटात. चिठ्ठी वाचून दोघींनी घ्यायचं रद्द केलं. बाकीच्यांनी घेतलं.